अल्पभूधारक शेतकरी आणि मोबाइलवरील सातबारा

आजचे युग हे संगणकाचे युग आहे, असे आपण गेली तीस वर्षे ऐकत आलो आहोत. आता हा संगणक मोबाइलच्या रूपाने शेतकऱ्याच्या खिशात आणि तेथून थेट वावरात येऊन पोहोचला आहे. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने उसाचे प्रयोग केले आणि राज्य शासनाने 2025 साली त्याकरिता स्वतंत्र धोरणही मंजूर केले. त्याचा आनंदच आहे. परंतु अकोला-पूर्णा रेल्वेमार्गावरील जऊळका आणि आसपासच्या खेड्यांत दोन-तीन एकर कोरडवाहू जमिनीवर सोयाबीन-तूर पेरणाऱ्या आपल्या बांधवाला ड्रोनशी तूर्त काही कर्तव्य नाही. त्याच्यापुरती डिजिटल शेती म्हणजे सातबारा, आणि त्या सातबाऱ्यावरची पिकाची नोंद. म्हणून या लेखात आम्ही तेवढ्याचाच ऊहापोह करीत आहोत.

गाव नमुना सातमध्ये जमीन कोणाच्या नावे आहे ते लिहिलेले असते. गाव नमुना बारामध्ये त्या जमिनीत पीक काय आहे ते. 1 मे 2018 पासून सातबारा डिजिटल स्वाक्षरीसह संगणकावर मिळू लागला. पंधरा रुपये भरले की उतारा हाती येतो, तहसीलच्या खेपा वाचतात. बारा नंबरची नोंद मात्र तलाठीच करीत असत. एका तलाठ्याकडे अनेक गावे, त्यामुळे वावरात न येताच पीक लिहिले जाते ही जुनी तक्रार. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि ही नोंद करण्याचे काम शेतकऱ्याच्या स्वतःच्या हाती आले.

त्याची रीत अशी. ॲपमध्ये खातेदाराची नोंदणी करावयाची, गट क्रमांक निवडावयाचा, पीक व क्षेत्र भरावयाचे आणि त्याच वावरात उभे राहून पिकाचा फोटो काढावयाचा. मोबाइल उपग्रहाच्या साहाय्याने आपली जागा ओळखतो. म्हणून घरी बसून किंवा सेवा केंद्रात जाऊन हे काम होत नाही. धुऱ्यावर रेंज नसली तरी घाबरू नये, माहिती साठवून ठेवता येते व गावात आल्यावर पाठविता येते. खरिपाची मुदत साधारणतः ऑगस्टपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असते. पुष्कळदा ती वाढते, पण त्या भरवशावर राहू नये. आणखी एक गोष्ट. आपल्याकडे सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी असतातच. तेथे मिश्र पीक निवडून दोन्हींचे क्षेत्र भरावे. नुसते सोयाबीन लिहिले तर तूर वावरात उभी राहते, कागदावर नाही; मग हमीभावाने तूर विकण्यासाठी नोंदणी करताना अडचण येते.

एका नोंदीने काय होते, हे 2024 साली सर्वांनी पाहिले. 2023 च्या खरिपातील कापूस व सोयाबीन उत्पादकांना शासनाने हेक्टरी 5000 रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, देण्याचे ठरविले. अट होती ई-पीक पाहणीची. ज्यांनी पेरले, पण मोबाइलमध्ये नोंदले नाही, ते यादीबाहेर राहिले. ओरड झाली आणि ती अट शिथिल करावी लागली. दर वेळी असे होईलच असे नाही. एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. ज्या घरी साधा फोन आहे, ज्या घरी म्हातारी एकटी आहे, त्यांच्यासाठी वस्तीतील दोन शिकलेल्या मुला-मुलींनी चार दिवस काढले तरी पुष्कळ काम होईल.

खरी अडचण मात्र मोबाइलची नाही, नावाची आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1918 साली लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहिला. जमीन लहान की मोठी हे केवळ एकरांवर ठरत नाही, तिच्या जोडीला भांडवल व साधने किती आहेत त्यावर ठरते, असे त्यांनी त्यात दाखविले. मोबाइल हे साधन खरे, परंतु त्याने विहीर होत नाही की बैलजोडी येत नाही. आणि सातबाऱ्यावर नावच नसेल तर ते साधनही निकामी. कित्येक घरी जमीन अजून मयत आजोबांच्या नावे आहे. 15 एप्रिल 2025 पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक झाला. तो सातबारा व आधार यांच्या जोडणीतून मिळतो. मयत माणसाचे आधार जुळणार कसे? आणि त्या जमिनीवर राबणारी सून तर कोणत्याच कागदावर नाही.

यासाठी शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात मार्च 2025 मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम सुरू झाली व 1 एप्रिलपासून ती राज्यभर राबविण्यात आली. मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती घेऊन ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (तलाठ्यांचे हे नवे पदनाम) अर्ज केला की फेरफार होऊन वारसांची नावे लागतात. नावे लावताना मुलींची व विधवेची नावे गाळू नयेत. आधारवरचे नाव आणि सातबाऱ्यावरचे नाव यांत फरक असेल तर तोही आधीच दुरुस्त करून घ्यावा.

बटईने किंवा मक्त्याने वावर करणाऱ्याचे काय, याचे उत्तर या डिजिटल व्यवस्थेत आज तरी नीट नाही. 2019 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे वर्षाला 6000 रुपये जमीनधारकाला मिळतात, घाम गाळणाऱ्या बटईदाराला नाही. शेतमजुराचा तर प्रश्नच येत नाही. हे अन्यायाचे आहे असे आम्हास स्पष्टपणे वाटते.

मजुरांच्याही उपयोगाचे एक ॲप मात्र आहे, ‘दामिनी’. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ते तयार केले असून आसपासच्या 20 ते 40 किलोमीटर परिसरातील विजेची सूचना ते देते. मृगात निंदणाला गेलेल्या बायका कडाडू लागले की झाडाखाली धावतात आणि तेथेच घात होतो. वावरात दहा जणी असतील तर एकीच्या मोबाइलमध्ये ते असले तरी पुरे.

ज्यांच्याकडे बटणांचा फोन आहे त्यांनी 1800-180-1551 हा किसान कॉल सेंटरचा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा. 2004 पासून ही सेवा चालू आहे, सकाळी 6 ते रात्री 10 पर्यंत मराठीत उत्तर मिळते आणि पैसे लागत नाहीत.