झिजलं किती, ते मापाला विचारा

गाडी निळसर धूर सोडायला लागली, ऑइल पिऊ लागली, चढाला दम टाकू लागली की मेस्त्री सांगतो, ‘इंजिन काम काढावं लागेल.’ काम निघतं आणि खरा प्रश्न टेबलावर येतो: बदलायचं काय आणि ठेवायचं काय? ‘सगळंच नवं टाका’ म्हटलं तर खिसा रिकामा होतो. ‘चालतंय तोवर चालू दे’ म्हटलं तर तेच इंजिन लवकरच पुन्हा खोलावं लागतं. पार्ट नुसता डोळ्यांनी पाहून किंवा किलोमीटरचा आकडा वाचून हा निर्णय होत नाही. त्याला माप लागतं.

सोलापुरात घरोघरी दिसणारी स्प्लेंडर घ्या. ९७.२ सीसीच्या या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ५० मिलिमीटरचा, तर स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची धाव, ४९.५ मिलिमीटरची. मिनिटाला ५,००० फेरे घेताना पिस्टन त्या एका मिनिटात जवळपास अर्धा किलोमीटर घासत जातो आणि १०,००० वेळा दिशा बदलतो. तो वेगात असताना त्याच्यावरची रिंग आणि बोअर यांच्यामध्ये ऑइलचा पातळ थर असतो, त्यामुळे धातू धातूला फारसा टेकत नाही. पण वरच्या टोकाला पिस्टन क्षणभर थांबतो. दाब आणि उष्णता तिथेच सर्वांत जास्त असते आणि तिथेच तो थर तुटतो. म्हणून बोअर वर जास्त झिजतो, खाली कमी. शिवाय तिरका होणारा कनेक्टिंग रॉड पिस्टनला एका बाजूला रेटतो, त्यामुळे गोल बोअर लंबगोल होत जातो.

त्यात इथली धूळ. एक लिटर पेट्रोल जाळायला इंजिन साधारण नऊ हजार लिटर हवा ओढतं. धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि ते बोअरच्या ओतीव लोखंडापेक्षा कितीतरी कठीण. सर्वांत घातक ठरतात ते काही मायक्रॉनचे, म्हणजे ऑइलच्या थराच्या जाडीएवढे कण. फाटक्या किंवा सैल बसलेल्या एअर फिल्टरमधून ते आत गेले की रिंग आणि बोअर दोन्ही एकदम घासले जातात. झिजेचं कारण शोधल्याशिवाय नवा पिस्टन टाकणं म्हणजे पुढच्या खर्चाला आमंत्रण.

इंजिन खोलण्याआधी एक सोपी चाचणी करता येते. कॉम्प्रेशन मोजायचं, मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. दाब वाढला तर दोष रिंग-बोअरचा. तेवढाच राहिला तर बहुधा व्हॉल्वचा. नुसत्या हेडच्या कामात भागणार असेल तर खालचं इंजिन कशाला उघडायचं?

बोअर उघडल्यावर तो तीन उंचींवर आणि प्रत्येक उंचीवर दोन दिशांनी बोअर गेजनं मोजतात. दुसरी खूण रिंगच्या गॅपची. रिंग एकटीच बोअरमध्ये ठेवायची, पिस्टनच्या माथ्यानं सरळ खाली ढकलायची आणि तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजनं पाहायची. इथे भूमिती मेस्त्रीच्या मदतीला येते. व्यास जितका वाढतो, त्याच्या ३.१४ पट परीघ वाढतो. बोअर ०.१ मिलिमीटरनं, म्हणजे केसाच्या जाडीहून थोडा जास्त झिजला, तर रिंगची फट ०.३ मिलिमीटरनं उघडते. डोळ्याला न दिसणारी झीज अशी हातात सापडते.

झीज कंपनीच्या मॅन्युअलमधल्या मर्यादेत असेल तर होनिंग करून, म्हणजे बोअर आतून हलकासा घासून, नव्या रिंगा चालतात. मर्यादा ओलांडली असेल तर नुसत्या रिंगा बदलणं वाया, कारण गोल रिंग लंबगोल बोअरमध्ये सगळीकडून टेकत नाही. तिथे लेथवाल्याकडून बोअर मारून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर ओव्हरसाईज पिस्टन बसवणंच बरं. केटीएम ड्यूकसारख्या गाड्यांच्या बोअरवर मात्र निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा लेप असतो. तिथे असं साधं बोअर मारणं चालत नाही.

व्हॉल्व उघडणाऱ्या कॅमशाफ्टची गोष्ट तर सोलापूरच्या घरची. १९९२ मध्ये स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही इथली कंपनी देशोदेशीच्या मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवते. ‘चिल्ड कास्ट आयर्न’ पद्धतीत साच्यात कॅमच्या जागी धातूचे थंड तुकडे, म्हणजे चिल, बसवतात. तिथे वितळलेलं लोखंड झटकन थंड होतं, कार्बनला ग्राफाइट व्हायला वेळ मिळत नाही आणि लोखंडाशी जोडून तो अत्यंत कठीण सिमेंटाइट बनतो. गाभा सावकाश थंड होतो, म्हणून मऊ राहतो. गाडीतला कॅम कोणत्याही पद्धतीनं बनलेला असो, त्याचा जीव वरच्या कठीण थरात. तो नुसता चकचकीत दिसत असेल आणि उंची मापात असेल तर ठेवा. खड्डे पडले असतील तर बदला आणि त्याच्यावर घासणारा रॉकरही तपासा. खराब रॉकर नव्या कॅमलाही खातो.

काही पार्ट मात्र मोजून कळत नाहीत. रबराची ऑइल सीलं उष्णतेनं कडक होतात. पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या गजन पिनचं लॉक एकदा काढलं की त्याचा ताण पूर्वीसारखा भरवशाचा राहत नाही. धातू पुनःपुन्हा ताण सोसून थकतो आणि एक दिवस अचानक तुटतो, हे जर्मन अभियंता ऑगस्ट व्होलर यांनी एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवलं. गॅस्केट, सीलं, लॉक या स्वस्त वस्तू दिसायला चांगल्या असल्या तरी बदलाव्यात. दहा-वीस रुपयांचं लॉक निसटलं तर नवाकोरा बोअर ओरखडून टाकतं.

म्हणजे प्रत्येक पार्टला तीन प्रश्न विचारायचे: मापात आहे का? पुढचं काम निघेपर्यंत टिकेल का? मध्येच गेला तर सोबत काय घेऊन जाईल? खोल बसलेल्या क्रँकच्या बेअरिंगला शंकेचा फायदा देऊ नये, कारण तिथवर पोचण्याची मजुरीच मोठी. बाहेरून बदलता येणारा पार्ट थोडा झिजलेला असला तरी चालवून घ्यावा. आणि मापात असलेला ओरिजिनल पार्ट काढून डुप्लिकेट बसवणं हा तर उघड तोट्याचा सौदा.

पुढच्या वेळी इंजिन काम निघालं तर मेस्त्रीला बिलाआधी मापं विचारा: बोअर किती, रिंगची गॅप किती, मर्यादा किती. ती कागदावर लिहून घ्या. आणि गाडी घरी नेण्याआधी एअर फिल्टर नवा बसवलाय ना, हे स्वतः पाहा.