अंकीय ध्वनिजोडणीतील दोष
अंकीय ध्वनिजोडणीतील दोष : संगणकातील ध्वनी विद्युत् दाबाच्या चढउतारांच्या रूपात न नेता अंकांच्याच रूपात घरातील ग्राहीपर्यंत (व्यवहारात रिसीव्हर; अंकांचे पुन्हा ध्वनिसंकेतात रूपांतर व विवर्धन करून ध्वनिक्षेपक चालविणारे उपकरण) पोहोचविणाऱ्या जोडणीस अंकीय ध्वनिजोडणी म्हणतात. तीतील बिघाड शोधण्याची रीत जुन्या सदृश जोडणीहून मुळातच भिन्न आहे. सदृश जोडणीत सैल पीन किंवा गंजलेला सांधा यांमुळे आवाज खरखरतो वा क्षीण होतो आणि कानालाच दोषाचा माग लागतो. अंकीय जोडणीत अंक ओळखता येतात तोवर ध्वनी निर्दोष राहतो. ती मर्यादा ओलांडली की तो तुटक होतो किंवा एकदम थांबतो. त्यामुळे शांतता म्हणजे तार तुटली, असे अनुमान करता येत नाही. बहुधा तार ठीक असते. दोन उपकरणांत अंकांच्या मांडणीविषयी एकवाक्यता झालेली नसते. महागडी तार आणून हा दोष जात नाही.

प्रचलित जोडण्या दोन प्रकारच्या आहेत. सोनी व फिलिप्स या कंपन्यांच्या नावांवरून ओळखली जाणारी एस/पीडीआयएफ ही पद्धती समाक्ष तारेतून (७५ ओहम संरोध) किंवा प्रकाशीय तंतूतून वापरतात. प्रकाशीय प्रकार तोशिबा कंपनीने १९८३ मध्ये आणला व तो टॉसलिंक या नावाने रूढ झाला. २००२ अखेर प्रसिद्ध झालेल्या एचडीएमआय या मानकात चित्र व ध्वनी एकाच तारेतून जातात. पहिल्या पद्धतीत प्रत्येक नमुन्यागणिक ६४ अंक पाठविले जातात. ध्वनितबकडीच्या सेकंदास ४४,१०० नमुने या त्वरेने हा ओघ सेकंदास २८,२२,४०० अंकांचा होतो. त्यात असंपीडित ध्वनीचे दोनच मार्ग मावतात. सहा मार्गांचा ध्वनी हवा असल्यास तो डॉल्बी किंवा डीटीएस पद्धतीने आधी संपीडित केलेला असावा लागतो. एचडीएमआयमध्ये आठ असंपीडित मार्ग जाऊ शकतात.

तपासणीचा आरंभ सोप्या गोष्टींपासून करावा. रिसीव्हरवर ज्या खाचेत तार घातली आहे तीच आगम म्हणून निवडलेली आहे काय, आणि संगणकाच्या ध्वनिविषयक मांडणीत तेच निर्गमद्वार निवडलेले आहे काय, हे पाहावे. नवे उपकरण जोडताच संगणक पुष्कळदा निवड परस्पर बदलतो. प्रकाशीय तंतूचे रिसीव्हरकडील टोक काढून तळहातावर धरल्यास तांबडा ठिपका दिसावा. तो दिसत नसल्यास दोष संगणकाकडे किंवा तंतूत आहे. नव्या तंतूच्या टोकावरील प्लॅस्टिकचे टोपण तसेच राहिल्याने जोडणी न चालणे हा हास्यास्पद वाटला तरी नेहमीचा प्रकार आहे. तंतूला तीव्र वळण देऊ नये. एचडीएमआयमध्ये रिसीव्हर आपली क्षमता संगणकास स्वतः कळवितो. म्हणून आधी रिसीव्हर व मग संगणक सुरू करून पाहावा.

यानंतर नमुन्यांची त्वरा पाहावी. संगणकात सेकंदास १,९२,००० नमुने निवडले आणि रिसीव्हरच्या प्रकाशीय खाचेस ते पेलत नसतील, तर काहीच ऐकू येत नाही. अशा वेळी दोन मार्ग, १६ अंकी नमुना व ४८,००० ही त्वरा निवडावी. एवढ्याने आवाज आला तर तार निर्दोष ठरते. संपीडित ध्वनी पाठविताना मात्र संगणकाने त्यातील एकही अंक बदलता कामा नये. संगणकातील आवाज कमीजास्त करण्याची सोयही अंक बदलते, आणि मग संगीताऐवजी कर्कश फुसफुस ऐकू येते. ती ध्वनिक्षेपकास व कानांस घातक ठरू शकते. यासाठी प्रत्येक चाचणीपूर्वी रिसीव्हरचा आवाज अगदी कमी ठेवावा.

काही दोष ऐकण्याच्या सामग्रीनुसार जाणवतात. उदाहरणार्थ, नंदुरबार जिल्ह्यातील (१९९८ मध्ये धुळे जिल्ह्यातून निर्मित) अक्कलकुवा तालुक्यात काठी येथे होळीच्या वेळी ढोल वाजतात. अशा वादनाच्या मुद्रणात शांततेनंतरचा पहिलाच आघात गिळला जाऊ शकतो. रिसीव्हर आलेल्या ओघावरूनच नमुन्यांचा काल ठरवितो व त्यासाठी त्याला क्षणभर लागतो. संगणकाने शांततेत ओघ थांबविला असल्यास तेवढा आरंभ हरवतो. मुद्रणातला आघात शाबूत असतो, पण ऐकणाऱ्याला तो मुळात नव्हताच असे वाटते. लोकसंगीताच्या अभ्यासात हा गैरसमज क्षुल्लक नाही. मुद्रणाच्या आरंभी काही सेकंदांची नीरवता जोडणे हा साधा उपाय होय.

सततचा घुंईं असा आवाज हा निराळा दोष आहे. तो वीजपुरवठ्याच्या ५० हर्ट्‌झ कंप्रतेचा व तिच्या पटींचा असून ढोलाचा खर्ज नेमका त्याच पट्ट्यात झाकला जातो. तो अंकांतून येत नाही. समाक्ष वा एचडीएमआय तारेच्या धातूतून दोन उपकरणांच्या भूसंपर्कांत (अर्थिंगमध्ये) वाहणाऱ्या प्रवाहामुळे तो येतो. दोन खोल्यांतील निरनिराळ्या अर्थिंगवर उपकरणे चालत असल्यास हे घडते. केबल दूरचित्रवाणीची तारही असेच वेटोळे पुरे करते. लॅपटॉपचा चार्जर काढताच आवाज थांबला, तर निदान झाले. सर्व उपकरणे एकाच बोर्डावर घ्यावीत किंवा प्रकाशीय तंतू वापरावा; तो विद्युत् संवाहक नसल्याने वेटोळे तुटते. सातपुड्याच्या खडकाळ भागात उन्हाळ्यात जमीन कोरडी पडून भूसंपर्काचा रोध वाढतो, म्हणून कोळसा व मीठ घातलेल्या खड्ड्यास पाणी देणे अगत्याचे असते. घुंईं थांबविण्यासाठी तीन पिनांच्या प्लगमधील अर्थिंगची जाड पीन काढून टाकण्याची प्रथा आढळते. तिने आवाज खरोखरच थांबतो, आणि म्हणूनच ती टिकून आहे. परंतु उपकरणात गळती झाल्यास त्याच्या धातूच्या आवरणात वीज उतरते व स्पर्श करणारा मृत्युमुखी पडू शकतो.