१२०० सीसीच्या आतली गोष्ट

शोरूममधून लहान गाड्यांची चार-पाच माहितीपत्रकं गोळा करून आणा आणि इंजिनाच्या रकान्यातले आकडे एका कागदावर लिहून काढा. मारुतीचं ११९७ सीसी, ह्युंदाईचंही ११९७, टाटांचं ११९९, होंडाचं ११९९. आता लांबीचा रकाना बघा. डिझायर ३९९५ मिलिमीटर, अमेझ ३९९५, नेक्सॉन ३९९५. जपान, कोरिया आणि भारतातल्या अभियंत्यांना एकच आकडा सुचावा, हा काही योगायोग नाही. हे आकडे अभियंत्यांनी ठरवलेलेच नाहीत. ते दिल्लीत, अर्थसंकल्पात ठरले.

२००६ च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी लहान गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं. मग ‘लहान’ म्हणजे काय, हे सांगणं भाग होतं. व्याख्या झाली ती अशी: लांबी ४००० मिलिमीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोलचं असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेलचं असेल तर १५०० सीसीपर्यंत. या एका ओळीनं आपल्या रस्त्यांवरच्या गाड्यांचा चेहरा बदलला. २००५ साली आलेल्या स्विफ्टचं पेट्रोल इंजिन १२९८ सीसीचं होतं, २०१० पासून ते ११९७ चं झालं. पहिली डिझायर ४१६० मिलिमीटर लांब होती. २०१२ मध्ये तिची डिकी मागून अशी काही कापली, की गाडी बरोबर ३९९५ वर आली. त्या काळातल्या डिझायरकडे बाजूनं पाहिलं, की शिंप्याला कापड कमी पडल्यासारखं वाटतं ते यामुळे.

पुढे जीएसटी आला, दर बदलले, व्याख्या मात्र टिकली. २२ सप्टेंबर २०२५ पासून या व्याख्येत बसणाऱ्या गाडीवर १८ टक्के आणि न बसणाऱ्या गाडीवर ४० टक्के जीएसटी आहे. त्याआधी उपकर धरून लहान पेट्रोल गाडीवर २९ आणि तिच्याहून मोठ्या, पण १५०० सीसीच्या आतल्या मोटारीवर ४५ टक्के होता. म्हणजे दोन्हीकडचा कर उतरला, पण मधली दरी १६ वरून २२ टक्क्यांची झाली. कारखान्यातून सहा लाखांना निघालेली गाडी व्याख्येत बसली तर सात लाख आठ हजारांना पडेल, नाही बसली तर आठ लाख चाळीस हजारांना. रस्ता कर आणि विमा वेगळाच. ब्रेझा लांबीनं चार मीटरच्या आत आहे, पण तिचं इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून ती वरच्या दरात जाते.

पहिली गाडी घेणारा माणूस ‘किती सीसीची घेऊ?’ असं विचारतो, तेव्हा त्या प्रश्नाचं अर्धं उत्तर असं आधीच ठरलेलं असतं. उरलेलं अर्धं शोधायचं तर सीसी हा आकडा जरा बाजूला ठेवावा लागतो. मी तंत्रनिकेतनात मोटारींची इंजिनं शिकवण्यात नोकरी घालवली, त्यामुळे नात्यातली मंडळी माहितीपत्रकं घेऊन माझ्याकडे येतात. यंदा भाची आली. ती चिपळूणला फिजिओथेरपिस्ट आहे, आईवडील कऱ्हाडला. रोजचं येणं-जाणं सात-आठ किलोमीटरचं, पण महिन्यातून दोनदा कुंभार्ली घाट, आणि येताना-जाताना गाडीत माणसं, गव्हाचं पोतं, नारळ. तिच्यासमोर दोन गाड्या होत्या. एक लिटर इंजिनाच्या गाडीचं टॉप मॉडेल आणि दुसऱ्या कंपनीच्या बाराशे सीसी गाडीचं खालून दुसरं मॉडेल. किमतीत फरक जेमतेम वीस हजारांचा. हप्ता सात वर्षांचा. तिनं माझ्यापुढे कागद टाकले आणि विचारलं, “मामा, कुंभार्ली चढेल ना?”

चढेल, दोन्ही चढतील. पण कशा, ते गणितानं सांगता येतं. ९०० किलोची गाडी, त्यात माणसं आणि सामान ४०० किलो, असं १३०० किलो वजन धरू. वळणावर दहा मीटरला एक मीटर असा चढ आणि ताशी ३० किलोमीटर वेग. एवढं वजन उचलायलाच साधारण १४ अश्वशक्ती लागतात. चाकांचं घर्षण आणि हवेचा विरोध यांचे दोन-तीन, एसीच्या कॉम्प्रेसरचे तीन-चार. म्हणजे झाले वीस. एक लिटरचं इंजिन कागदावर ६७ अश्वशक्तीचं आहे, मग ते दमतं का? कारण ते ६७ मिळतात मिनिटाला साडेपाच हजार फेऱ्यांच्या आसपास, आणि तिथवर इंजिन किंचाळवत आपल्यातलं कुणी गाडी चालवत नाही. आपण दीड ते अडीच हजारांत असतो. टॉर्क म्हणजे इंजिनाचा पीळ. तो आणि फेऱ्या यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. या इंजिनाचा जास्तीत जास्त टॉर्क ८९ न्यूटन-मीटर. दीड हजार फेऱ्यांना तो ८० धरला, तर हातात येतात १७ अश्वशक्ती. हवेत वीस. म्हणून तिसऱ्या गिअरमध्ये गाडी धडधडते, आपण दुसरा टाकतो, फेऱ्या अडीच हजारांवर जातात आणि गाडी पुन्हा ओढायला लागते. घाट लागला की एसी बंद करायची आपली जी जुनी सवय आहे, तिच्यामागे हेच तीन-चार अश्वशक्तींचं गणित आहे.

बाराशे सीसीच्या साध्या इंजिनाचा टॉर्क ११२-११४ च्या घरात असतो. दीड हजारांना शंभर धरले तर २१ अश्वशक्ती मिळतात, म्हणजे काठावर पास. आता टर्बो बघा. ह्युंदाईच्या ९९८ सीसी टर्बो इंजिनाचा १७२ न्यूटन-मीटर टॉर्क दीड हजार फेऱ्यांपासूनच मिळतो. ते होतात जवळजवळ ३७ अश्वशक्ती. सीसी कमी, पण त्या फेऱ्यांना जोर बाराशेच्या पाऊणपट अधिक. इंजिनाचा आकार म्हणजे सिलिंडरमध्ये किती हवा मावते त्याचं माप. टर्बो तीच जागा दाबून भरतो, आपल्या लोकलच्या डब्यासारखी. त्यामुळे ‘९९८ म्हणजे छोटं, ११९७ म्हणजे मोठं’ हा हिशेब टर्बोपुढे चालत नाही. खोट एवढीच, की दीड हजारांच्या खाली टर्बो जागा नसतो. तीव्र वळणावर वेग पडला की क्षणभर थांबल्यासारखं होतं, आणि मग एकदम ढकलल्यासारखं. शिवाय त्याला ठरलेल्या दर्जाचं तेल वेळेवर लागतं. जिथे तेल बदलायला ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणतात, त्या घरात टर्बो नेऊ नये.

‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ हा आपला राष्ट्रीय प्रश्न. जाहिरातीतला आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून काढलेला असतो. त्या चाचणीत कमाल वेग ताशी ९०, एसी बंद, आणि चढ अर्थातच नाही. भरल्या गाडीनं घाटात एक लिटरचं इंजिन पिळलं, तर बाराशेपेक्षा त्याचं पेट्रोल फारसं कमी लागत नाही. रोज शहरात एकट्यानं फिरणाऱ्याला मात्र लहान इंजिन खरोखर परवडतं, आणि त्यानं उगाच मोठ्याच्या मागे लागू नये. विम्यातही थोडं वाचतं. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. जून २०२२ पासूनच्या दरांनुसार १००० सीसीपर्यंत ६५२१ रुपये, १५०० पर्यंत १०,६४० आणि त्यापुढे २४,५९६, शिवाय कर. सीएनजीवर शक्ती दहा-पंधरा टक्क्यांनी उतरते. घाटाखाली राहणाऱ्यांनी तेवढं मनात वजा करावं.

आता मॉडेलच्या अक्षरांकडे. मारुतीचं एल, व्ही, झेड. ह्युंदाईचं ई, एस, एसएक्स. टाटांनी एक्सई, एक्सएम सोडून स्मार्ट, प्युअर, क्रिएटिव्ह अशी विशेषणं लावली. अक्षरं काहीही असोत, रचना अशी असते की खालच्या मॉडेलमध्ये काहीतरी एक हमखास खटकावं आणि माणूस एक पायरी वर चढावा. तिथे गेल्यावर पुढची पायरी फक्त साठ हजारांवर दिसते. टर्बो इंजिन तर बऱ्याच गाड्यांत वरच्या मॉडेललाच जोडलेलं असतं. इंजिन हवं, तर सनरूफही घ्या. माझ्या मते ही सरळ अडवणूक आहे, पण ती कायद्यात बसते.

भाचीच्या यादीवर मी दोन रकाने केले: नंतर बसवता येणाऱ्या वस्तू आणि कधीच न येणाऱ्या. म्युझिक सिस्टीम, मागचा कॅमेरा, सीट कव्हर, अ‍ॅलॉय व्हील हे सगळं नंतर होतं. फक्त वायरी कापू द्यायच्या नाहीत, वॉरंटी जाते. एअरबॅग, ओल्या वळणावर गाडी घसरू न देणारी ईएससी आणि इंजिन नंतर येत नाही. समोरच्या दोन एअरबॅग आता कायद्यानं असतातच. काही गाड्या, उदाहरणार्थ २०२४ ची स्विफ्ट, सर्वांत खालच्या मॉडेललाही सहा देतात. काही दोनवर थांबवतात आणि उरलेल्या चार वरच्या पायरीवर ठेवतात. म्हणून गाडीला किती तारे मिळाले ते बघताना आपल्या मॉडेलमध्ये काय काय आहे, तेही वाचावं. तिसरी गोष्ट माहितीपत्रकात बारीक अक्षरात असते: मागच्या काचेचा वायपर आणि डिफॉगर. हॅचबॅकची मागची काच पावसात चिखलानं दहा मिनिटांत आंधळी होते. कोकणात चार महिने हे चालतं, आणि त्या चार महिन्यांत सनरूफ उघडायचा प्रश्नच नसतो. भाचीची उंची पाच फूट, त्यामुळे उंची कमी-जास्त होणारी ड्रायव्हर सीटही तिच्यासाठी चैन नव्हती.

तिच्या वडिलांना टॉप मॉडेल हवं होतं. “पहिलीच गाडी, लोक काय म्हणतील,” हे त्यांनी तीन वेळा सांगितलं. त्या टॉप मॉडेलमध्ये मोठी स्क्रीन होती, अ‍ॅलॉय होते, एअरबॅग दोनच होत्या. बाराशेच्या खालच्या मॉडेलमध्ये स्क्रीन नव्हती, सहा एअरबॅग आणि ईएससी होती. वायपर नव्हता. त्याच्या वरच्या मॉडेलमध्ये वायपर होता आणि बेचाळीस हजार जास्त होते. ते बेचाळीस हजार वडिलांनी दिले. लोकांना दाखवायला मागे काहीतरी हलतंय, एवढं समाधान त्यांना मिळालं.

बुकिंग करण्याआधी मी तिला एक करायला लावलं. शोरूमची टेस्ट ड्राइव्ह सपाट रस्त्यावर, एकट्या माणसानं, दोन किलोमीटर अशी उरकतात. आम्ही चार जण बसलो, एसी पूर्ण लावला, जवळचा चढ गाठला आणि मध्यावर गाडी थांबवून पुन्हा उचलायला सांगितली. विक्रेता मुलगा कुरकुरला, पण मागच्या सीटवर बसला. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी तीसवर गाडी धडधडते का, दुसऱ्यात किती ओरडते, वळताना समोरच्या खांबामागे माणूस लपतो का, हे सगळं दहा मिनिटांत कळलं.