इम्प्लांट दुखत नाही, म्हणूनच जपायला हवं

‘टायटॅनियमचा इम्प्लांट आहे, रात्री दात खाल्ले म्हणून त्याला काय होणार?’ हा गैरसमज सर्वांत घट्ट रुजलेला आहे. टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं हे स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी दाखवलं आणि १९६५मध्ये पहिल्या रुग्णाला दातांचे इम्प्लांट बसवले. दात खाणाऱ्याच्या बाबतीत मात्र हा एकजीवपणाच अडचणीचा ठरतो. आपला मूळ दात हाडात थेट रुतलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती तंतूंचं पातळ अस्तर असतं. ते दाब थोडा झेलतं आणि किती दाब आला हे मेंदूला कळवतं. भातात खडा आला की जबडा क्षणात थबकतो, तो बराचसा या अस्तरामुळेच. इम्प्लांटला ते नसतं. त्यामुळे जास्तीचा भार त्याला झेलता येत नाही आणि आपल्याला तो नीट जाणवतही नाही. हाडात बसवलेला टायटॅनियमचा खुंट सहसा टिकतो. पण त्यावर बसवलेल्या कॅपचा पोर्सेलीन उडतो, आतला स्क्रू सैल होतो, कधी तुटतोही.

‘दात खातो म्हणजे पोटात जंत’ हे घरोघरी ऐकू येतं. मोठ्या माणसांत कारणं बहुधा वेगळीच असतात: ताण, झोपेत श्वास अडणं, दारू, तंबाखू, नैराश्यावरची काही औषधं. अशी औषधं मनाने बंद करू नयेत. ज्यांनी लिहून दिली त्या डॉक्टरांशी बोलावं. आणि घोरणं जोरात असेल तर झोपेची तपासणी करून घ्यावी, नुसत्या दातांच्या मागे लागू नये.

दात खाणाऱ्याला इम्प्लांट बसवताच येत नाही, हेही खरं नाही. पण ही सवय आधी सांगायला हवी. मग डॉक्टर कॅपचे उंचवटे कमी ठेवतात, आडवा दाब टाळतात, गरजेनुसार इम्प्लांटची संख्या वाढवतात.

झोपताना दातांवर घालायच्या नाईट गार्डने सवय मोडते असंही नाही. गार्ड भार वाटून घेतो आणि झीज स्वतःवर घेतो. बाजारातला मऊ गार्ड काहीजण उलट जास्तच चावतात. माप घेऊन बनवलेला कडक ॲक्रिलिकचा बरा. तो गार पाण्याने धुवावा, गरम पाण्याने त्याचा आकार बिघडतो. तपासणीला जाताना तो सोबत न्यावा. भार कुठे पडतोय हे त्यावरच्या खुणांवरून डॉक्टरांना कळतं.

कॅप जराशी जरी हलली, तरी दुखत नाही म्हणून थांबू नका. सैल स्क्रू वेळेत पुन्हा घट्ट करता येतो. तसंच चावत राहिलात तर तो आतच तुटू शकतो, आणि तुटलेला तुकडा काढणं फार जिकिरीचं असतं.