बेथोव्हेनची ‘कॅव्हातिना’ : लय, स्वर आणि भाव

इ. स. १९७७ मध्ये अवकाशात धाडलेल्या ‘व्हॉयेजर’ यानांवर जी सुवर्णतबकडी आहे, तिच्या संगीतविभागात अखेरचे स्थान बेथोव्हेनच्या तेराव्या तंतुवाद्य-चतुष्टयातील (ओपस १३०) ‘कॅव्हातिना’ या पाचव्या भागास मिळाले आहे. याच तबकडीवर केसरबाई केरकर यांची भैरवी आहे, हे मराठी वाचकास ठाऊक असेलच. कॅव्हातिनाचे वादन बुडापेस्ट क्वार्टेटचे असून त्याचा अवधी ६ मिनिटे ३७ सेकंद इतका आहे.

प्रथम लयीचा प्रश्न. ‘अदाज्यो मोल्तो एस्प्रेसिव्हो’, म्हणजे विलंबित व अत्यंत भावपूर्ण, एवढीच सूचना बेथोव्हेनने केलेली आहे. मेट्रोनोमचा तो पुरस्कर्ता; परंतु अखेरच्या चतुष्टयांवर त्याने त्याचा अंक घातला नाही. त्यामुळे लय ठरविण्याचा भार वादकांवर पडतो. या भागात तीन मात्रांचे ६६ गट आहेत. म्हणजे प्रस्तुत ध्वनिमुद्रणात प्रत्येक मात्रेस सरासरी दोन सेकंद मिळतात. विलंबित ख्याल ऐकणाऱ्यास ही लय असह्य वाटू नये. मात्र येथे ठेका धरणारे वाद्य नाही. मधल्या वाद्यांच्या चालत्या स्वरांनीच लय सांभाळावयाची असते. लय याहून फार उतरली, तर गज अपुरा पडून स्वरवाक्य तुटू लागते.

मूळ स्वरसप्तक ई-फ्लॅट मेजर, म्हणजे आपल्या परिभाषेत सर्व शुद्ध स्वरांचे. बेचाळिसाव्या गटापाशी संगीत सी-फ्लॅट मेजरमध्ये शिरते. मूळ षड्जाचा कोमल धैवत हाच आता षड्ज होतो, आणि जुना षड्ज नव्याचा गंधार बनतो. येथे बेथोव्हेनने ‘बेक्लेम्ट’ हा जर्मन शब्द लिहिला आहे. छाती दडपल्यासारखे, असा त्याचा आशय. खालची तीन वाद्ये मात्रेचे तीन समभाग करीत मृदुपणे वाजत राहतात. पहिले व्हायोलिन मात्र त्यांच्या आघातांशी जुळत नाही, मध्येच थबकते, अर्धवट बोलते.

मेजर म्हणजे आनंद व मायनर म्हणजे शोक, ही प्रचलित समजूत येथे सपशेल फसते. सी-फ्लॅटही मेजरच आहे. व्याकुळता उपजते ती मूळ स्थानापासून अकस्मात दूर गेल्याने आणि एका वाद्याची लय इतरांपासून सुटल्याने. वादकांनी या विसंवादाला नेटके करून मात्रेवर बसविले, तर स्वर तेच राहूनही भाव नाहीसा होईल. हा प्रसंग अवघ्या सात गटांचा, वरील सरासरीने पाऊण मिनिटाहूनही कमी. ध्वनिमुद्रण ऐकताना येथे कान खालच्या तीन वाद्यांकडे ठेवावा. व्हायोलिनची धडपड त्यांच्यामुळेच कळते.

२१ मार्च १८२६ रोजी व्हिएन्ना येथे या चतुष्टयाचे प्रथम वादन झाले, तेव्हा बेथोव्हेन पूर्ण बहिरा होता. स्वतःच्या कोणत्याही रचनेने आपल्याला इतके हलविले नाही, असे तो म्हणाल्याचे त्याचा सहवासी व वादक कार्ल होल्त्स याने सांगितले आहे. ‘बेक्लेम्ट’नंतर ई-फ्लॅटचा षड्ज परत येतो, आरंभीची धून थोडक्यात फिरून उमटते आणि रचना हलकेच थांबते. तबकडीवरील संगीतही तेथेच संपते.