एकाच भाषेतील रूपांतर : ब्रिटिश मालिकांचे अमेरिकन अवतार

१

भाषांतराचा विचार करताना दोन भाषा गृहीत धरण्याची आपली सवय आहे. एका भाषेतील आशय दुसऱ्या भाषेत नेणे ही व्याख्या इतकी स्वाभाविक वाटते की, तीतील ‘भाषा’ हा शब्द नेमका कशाचा वाचक आहे, हा प्रश्न सहसा उपस्थितच होत नाही. रोमान याकोब्सन ह्याने १९५९ मध्ये भाषांतराचे तीन प्रकार कल्पिले : एकाच भाषेतील अन्य शब्दांनी केलेले स्पष्टीकरण, एका भाषेतून दुसऱ्या भाषेत होणारे भाषांतर, आणि एका चिन्हव्यवस्थेतून दुसरीत, म्हणजे शब्दांतून चित्रात किंवा नृत्यात, होणारे संक्रमण. ही विभागणी उपयुक्त आहे. तथापि तीत सहजासहजी न बसणारा एक व्यवहार इंग्रजी भाषेच्याच दोन देशांमध्ये पाच दशकांहून अधिक काळ चालू आहे. ब्रिटनमध्ये यशस्वी ठरलेल्या दूरचित्रवाणी-मालिकेचे हक्क अमेरिकन निर्माते विकत घेतात आणि तीच मालिका अमेरिकन नटांना घेऊन, अमेरिकन गावात वसवून, नव्याने रचतात. भाषा तीच, माध्यमही तेच. तरीही मूळ कृती तशीच दाखवून भागत नाही. मग बदलावयाचे उरते ते काय?

मूळ कृती अमेरिकन प्रेक्षकाला कळतच नाही, असे उत्तर देता येणार नाही. १० जानेवारी १९७१ रोजी अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर ‘मास्टरपीस थिएटर’ हा उपक्रम सुरू झाला आणि ब्रिटिश नाट्यमालिका मूळ स्वरूपात तेथील घरांत पोचू लागल्या. त्यानंतर दोनच दिवसांनी, १२ जानेवारीला, सीबीएस ह्या व्यापारी वाहिनीवर ‘ऑल इन द फॅमिली’ ही प्रहसन-मालिका अवतरली. ती ‘टिल डेथ अस डू पार्ट’ ह्या ब्रिटिश मालिकेवरून बेतलेली होती. श्लायरमाखर ह्याने १८१३ च्या आपल्या व्याख्यानात भाषांतरकारापुढे दोनच मार्ग असल्याचे म्हटले होते : वाचकाला लेखकाकडे न्यावे, नाही तर लेखकाला वाचकाकडे आणावे. १९७१ च्या त्या आठवड्यात हे दोन्ही मार्ग एकाच देशात शेजारी शेजारी खुले झाले. पहिल्या मार्गाने जाणारा प्रेक्षक आपण परक्या घरी पाहुणे आहोत हे जाणून बसतो. दुसऱ्या मार्गावरील प्रेक्षकाला आपण आपल्याच घरी आहोत असे वाटावे लागते.

२

ह्या रूपांतराचे पहिले कारण प्रक्षेपणाच्या अर्थव्यवस्थेत आहे. बीबीसीचा देशांतर्गत प्रपंच मुख्यतः परवाना-शुल्कावर चालतो. तिच्या कार्यक्रमांत जाहिरातींचा खंड नसतो. ब्रिटिश प्रहसन-मालिकेचे एक पर्व बहुधा सहा-सात भागांचे असते आणि ते एक किंवा दोन लेखक लिहितात. ‘स्टेप्टो अँड सन’ ही रे गॅल्टन आणि ॲलन सिम्प्सन ह्या दोघांची, तर ‘फॉल्टी टॉवर्स’ ही जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ ह्यांची रचना. ह्या दुसऱ्या मालिकेचे १९७५ आणि १९७९ मिळून अवघे १२ भाग झाले. अमेरिकन व्यापारी वाहिनीचे पर्व दीर्घकाळ २२ ते २४ भागांचे असे; जाहिराती वगळता अर्ध्या तासात सुमारे २२ मिनिटे हाती उरत; आणि पुनःप्रक्षेपणाचे हक्क विकून खरा नफा मिळवावयाचा तर सुमारे १०० भागांचा साठा असणे इष्ट समजले जाई. एवढा पल्ला एकट्या लेखकाच्या आवाक्यातील नव्हे. त्यासाठी लेखकांचे मंडळ लागते, आणि मंडळाने लिहिलेल्या कृतीत एका माणसाच्या जीवनदृष्टीचा कडवटपणा टिकणे कठीण असते.

ह्या बाह्य भासणाऱ्या कारणाचा परिणाम थेट व्यक्तिचित्रणावर होतो. असह्य माणूस १२ भाग पाहता येतो, नव्हे, त्याचे असह्य असणे हेच त्या पाहण्यातील सुख असते. परंतु तोच माणूस नऊ वर्षे दर आठवड्याला घरी येणार असेल, तर त्याच्यात ममत्वाचा काही अंश पेरावाच लागतो. ब्रिटिश रचना लघुकथेसारखी बंदिस्त आणि अमेरिकन रचना बखरीसारखी वाढत जाणारी असते, असे स्थूलमानाने म्हणावयास हरकत नाही. दोहोंतील फरक ‘ब्रिटिश निराशा’ आणि ‘अमेरिकन आशावाद’ असा सांगण्याची प्रथा आहे. ती सर्वस्वी चूक नसली तरी अपुरी आहे. राष्ट्रीय स्वभाव म्हणून जे दाखविले जाते त्याचा बराच भाग भागांच्या संख्येतून निपजलेला असतो.

३

तथापि केवळ अर्थकारणाने सर्व उलगडा होत नाही. जॉनी स्पेट ह्याने निर्मिलेला आल्फ गार्नेट लंडनच्या पूर्वेकडील वॅपिंग ह्या गोदीलगतच्या कामगारवस्तीत राहतो. तो दरिद्री आहे आणि कट्टर हुजूर पक्षाचा आहे. ज्या वर्गाने त्याला खाली दाबून ठेवले त्याच वर्गाचा आणि राजघराण्याचा तो भक्त आहे. परदेशांतून आलेल्या वसाहतकऱ्यांविरुद्ध तो गरळ ओकतो, आणि मजूर पक्षाचा पुरस्कर्ता असलेल्या जावयाशी त्याचे रोज भांडण होते. ह्या पात्राच्या विनोदाचे मूळ एका अंतर्विरोधात आहे : आपल्या दास्याचा अभिमान बाळगणारा दास.

नॉर्मन लिअर ह्याने हे पात्र न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात आणले तेव्हा त्यास ते मूळ तसेच लावणे शक्य नव्हते. राजा नसलेल्या देशात राजभक्ती कोठून आणावयाची? म्हणून आर्ची बंकर हा आपले स्थान सुटत चालले आहे अशा भयाने ग्रासलेला गौरवर्णी कामगार झाला. त्याच्या शेजारी जेफर्सन हे कृष्णवर्णी कुटुंब राहावयास आले. जावई पोलिश वंशाचा विद्यार्थी झाला. व्हिएतनामचे युद्ध आणि निक्सन ह्यांवरून घरात वाद होऊ लागले. इंग्लंडमध्ये वर्गाने जे कार्य केले ते अमेरिकेत मुख्यतः वर्णाने केले. हा बदल भाषांतरकाराने शोधलेल्या समानार्थी शब्दासारखा आहे : अर्थ तंतोतंत तोच नव्हे, परंतु वाक्यातील त्याचे स्थान तेच. एबीसी ह्या वाहिनीने दोन नमुना-भाग पाहून ही मालिका नाकारली होती. सीबीएसवर ती १९७९ पर्यंत चालली.

दोन्ही देशांत एक अस्वस्थ करणारा प्रश्नही समान उभा राहिला. दुराग्रही माणसाचा उपहास करण्यासाठी निर्मिलेले पात्र दुराग्रही प्रेक्षकांनाच आपला प्रवक्ता वाटू लागले. नील विडमार आणि मिल्टन रोकीच ह्या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले की, अधिक पूर्वग्रह असलेल्या प्रेक्षकांचा कल आर्चीच्या बाजूने राहतो. उपरोध हा रूपांतरात टिकला. पण त्याबरोबर त्याचा धोकाही टिकला. आर्ची हा आल्फपेक्षा अधिक प्रेमळ असल्याने तो धोका उणावला की वाढला, ह्याविषयी मतभेदाला जागा आहे. सौम्य केलेला दुराग्रह सुसह्य होतो, आणि सुसह्य झालेले ते लवकरच क्षम्य ठरते.

‘स्टेप्टो अँड सन’ची कथा ह्याहून बोधप्रद आहे. लंडनमध्ये घोडागाडी घेऊन भंगार गोळा करणारे बाप-लेक हे तिचे नायक. मुलगा हॅरल्ड ह्याला ह्या धंद्यातून आणि त्याबरोबर आपल्या वर्गातून बाहेर पडावयाचे आहे. बाप त्याला सुटू देत नाही. १९६२ च्या पहिल्याच भागात हॅरल्ड घर सोडण्यासाठी गाडी भरतो. बाप घोडा देत नाही. आणि ती जड गाडी स्वतः ओढू पाहणारा मुलगा तसूभरही पुढे न सरकता रडू लागतो. प्रहसनाच्या नावाखाली दाखविलेली ही शोकांतिकाच होय. १९७२ मध्ये तीच बाप-लेकांची जोडी ‘सॅनफर्ड अँड सन’ ह्या नावाने लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात अवतरली. वॉट्स हे नाव १९६५ च्या तेथील उद्रेकामुळे अमेरिकन मनात एका जखमेप्रमाणे वसलेले होते. त्या वस्तीतील कृष्णवर्णी बाप-लेकांना लोकप्रिय मालिकेच्या केंद्रस्थानी आणणे ही लहान गोष्ट नव्हती. रेड फॉक्स ह्या नटाच्या बापाने तर सारी मालिका व्यापून टाकली. मात्र हॅरल्डची सुसंस्कृत होण्याची केविलवाणी धडपड आणि तिचा दरवेळी होणारा पराभव ह्या रूपांतरात विरून गेला. येथे लाभ आणि हानी दोन्ही खऱ्या आहेत, आणि एकीने दुसरी भरून निघत नाही.

४

फसलेल्या रूपांतरांवरूनही पुष्कळ शिकता येते. ‘फॉल्टी टॉवर्स’ अमेरिकेत आणण्याचे निदान तीन प्रयत्न झाले : १९७८ चा एक नमुना-भाग, १९८३ ची ‘अमांडाज’ आणि १९९९ ची ‘पेन’. एकही टिकला नाही. बेसिल फॉल्टी हा हॉटेलमालक वरच्या वर्गापुढे लाळघोटेपणा करतो, खालच्या वर्गावर खेकसतो आणि पत्नीपुढे थरथरतो. त्याचा संताप ह्या तीन दिशांच्या ओढाताणीतून जन्मतो. ‘अमांडाज’ने मालकाच्या जागी एक स्त्री आणली आणि नवऱ्याच्या त्या भयग्रस्त धडपडीचा आधारच काढून घेतला. उरला तो केवळ तापट स्वभाव. आणि कारणावाचून आलेला राग हा विनोद नसून गोंगाट असतो. उलट टोकाची चूक २००३ च्या ‘कपलिंग’ने केली. तिने ब्रिटिश संहिता बव्हंशी जशीच्या तशी उचलली. एनबीसीने चार भागांनंतर ती बंद केली. एका ठिकाणी प्राण गेला, दुसऱ्या ठिकाणी कलेवर तेवढे आले.

‘द ऑफिस’ ह्या मालिकेत ही दोन्ही टोके एकाच रूपांतराच्या वाटचालीत दिसतात. रिकी जर्व्हेझ आणि स्टीफन मर्चंट ह्यांची मूळ मालिका २००१ ते २००३ ह्या काळात १४ भागांत संपली. तिचे स्थळ स्लाऊ. ह्या गावाचा उपहास करणारी जॉन बेट्जमन ह्याची १९३७ मधील कविता इंग्रज वाचकाला परिचित असल्याने त्या नावाच्या उच्चाराबरोबरच कंटाळवाण्या, रंगहीन गावाचे चित्र उभे राहते. ग्रेग डॅनियल्स ह्याने अमेरिकन मालिकेसाठी पेनसिल्व्हेनियातील स्क्रँटन हे, एके काळी कोळशावर भरभराटलेले, गाव निवडले. ही निवड म्हणजे एका ग्रामनामाचे उत्तम भाषांतर होय. परंतु २४ मार्च २००५ चा पहिला भाग मूळ संहितेची जवळजवळ नक्कल होता. सहकाऱ्याचा स्टेपलर जेलीत बुडविण्याची खोडीसुद्धा तशीच आली. दुसऱ्या भागापासून नवीन कथानके आली, आणि दुसऱ्या पर्वापासून कचेरीचा प्रमुख मायकल स्कॉट मूर्ख परंतु प्रेमाचा भुकेला माणूस म्हणून उभा राहिला. तेव्हा कोठे मालिकेला स्वतःचा स्वर सापडला.

दोन नायकांचे शेवट शेजारी ठेवून पाहावेत. डेव्हिड ब्रेंट ह्याला दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस नोकरीवरून काढले जाते आणि तो ती टिकविण्यासाठी याचना करतो. त्याचा सगळा आव त्या क्षणी गळून पडतो. मायकल स्कॉट २०११ मध्ये आपल्या नियोजित वधूबरोबर संसार थाटण्यासाठी कचेरी आपखुशीने सोडतो. एकाला कचेरीबाहेर जीवन नाही हे कळते. दुसऱ्याला ते लाभते. २०१३ पर्यंत चाललेल्या २०१ भागांच्या मालिकेला ब्रेंटचा शेवट परवडला नसता, हे खरे. परंतु तो शेवट नाकारताना मूळ कृतीने विचारलेला प्रश्नही मागे राहिला, हेही तितकेच खरे.

राज्यव्यवस्थाही भाषेइतकीच भाषांतराला अडविते, हे ‘हाऊस ऑफ कार्ड्स’वरून दिसते. मायकल डॉब्स ह्याच्या कादंबरीवरून केलेली बीबीसीची मालिका १९९० च्या नोव्हेंबरात चालू असतानाच मार्गारेट थॅचर ह्यांनी राजीनामा जाहीर केला. तिचा नायक फ्रान्सिस अर्कर्ट हा सत्तारूढ पक्षाचा खानदानी मुख्य प्रतोद. पक्षांतर्गत निवडणूक जिंकताच तो पंतप्रधान होतो. २०१३ च्या अमेरिकन मालिकेतील फ्रँक अंडरवूड हाही प्रतोदच. परंतु अध्यक्षपद पक्षांतर्गत निवडणुकीने मिळत नसल्याने त्याला आधी उपाध्यक्ष व्हावे लागते आणि मग अध्यक्षाला राजीनामा देण्यास भाग पाडावे लागते. अर्कर्ट सत्तेकडे वारसाहक्काच्या सहजतेने पाहतो. अंडरवूड दक्षिण कॅरोलिनातील गरिबीतून वर आलेला आहे आणि त्याची भूक निराळी आहे. कारस्थान तेच, पण घटना दुसरी म्हणून माणूसही दुसरा. दोघेही प्रेक्षकाकडे वळून स्वगत बोलतात, तेवढे मात्र अबाधित राहिले. कारण त्या लकबीचे पूर्वज शेक्सपिअरच्या ‘तिसरा रिचर्ड’मध्ये आहेत आणि तो वारसा दोन्ही देशांचा आहे.

५

मराठी रंगभूमीला हा प्रश्न अपरिचित नाही. देवलांनी १८९० मध्ये ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला, तेव्हापासून भाषांतर आणि रूपांतर हा भेद आपण मानीत आलो आहो. १९७५ मध्ये रंगमंचावर आलेल्या पु. ल. देशपांडे ह्यांच्या ‘ती फुलराणी’त शॉच्या नाटकातील उच्चारभेदाने दर्शविलेला वर्गभेद बोली आणि प्रमाण मराठी ह्यांच्या अंतराने दर्शविला गेला. तेथे दुसरी भाषा साहाय्याला होती. हिंदीत ‘येस मिनिस्टर’ची ‘जी मंत्रीजी’ २००१ मध्ये झाली, त्या वेळी तर ब्रिटिशांनीच मागे ठेवलेली सचिवालये आणि त्यांतील टिपणांची भाषा तयारच होती. अमेरिकन रूपांतरकाराला असा आधार नाही. त्याच्याजवळ मूळ शब्द जसेच्या तसे वापरण्याची मुभा आहे, आणि तीच त्याची खरी अडचण आहे. कारण शब्द कळले म्हणजे समाजही कळला असा भ्रम ती निर्माण करते.

ह्यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, शब्दांशी किंवा प्रसंगांशी निष्ठा हे रूपांतराचे माप नव्हे. मूळ पात्राला घडविणाऱ्या अंतर्विरोधाला नव्या भूमीत मूळ धरता आले की नाही, हे माप होय. बंकर ह्या कसोटीला उतरतो, अमांडा उतरत नाही. दुसरी गोष्ट मूल्याची आहे. मोठ्या आणि संपन्न बाजारपेठेला लेखक नेहमी आपल्याकडे आणविता येतो. स्वतः उठून लेखकाकडे जाण्याची तिला गरज वाटत नाही. आपलीच भाषा, पण परक्या माणसाच्या तोंडून ऐकण्याचे श्रम जो समाज टाळतो, त्याला उत्तम रूपांतरे लाभतील. परंतु आपल्याहून वेगळे जीवन आपल्याच शब्दांत नांदू शकते हा अनुभव त्याला लाभणार नाही. म्हणून रूपांतर हे मूळ कृतीच्या शेजारी उभे असावे, तिच्या जागी नव्हे. ज्या भाषांतरकाराचे सारे आयुष्य दोन भाषांच्या सीमेवर जाते त्याने हे ध्यानात ठेवावे की, खरी सीमा पुष्कळदा एकाच भाषेच्या आतून गेलेली असते.