उलटी झालीच नाही, मग गोळ्या कशाला?

केमोथेरपीचा पहिला दिवस बरा गेला की घरोघरी एक विचार येतो. 'आधीच एवढी औषधं, त्यात उलटीही नाही, मग या गोळ्या कशाला?' गोळ्या राहून जातात आणि तिसऱ्या दिवशी फोडणीचा वासही नकोसा होतो. असं का होतं, ते आज बघू.

उलटी पोटातून येते असं आपल्याला वाटतं, पण तिचा हुकूम मेंदूतून सुटतो. केमोच्या काही औषधांमुळे आतड्याच्या अस्तराला इजा होते. तिथल्या काही पेशींमध्ये सेरोटोनिन साठवलेलं असतं. शरीरातलं जवळजवळ ९० टक्के सेरोटोनिन आतड्यातच असतं. ते बाहेर पडलं की व्हेगस मज्जातंतूमार्फत मेंदूला निरोप जातो, 'विष आलंय, बाहेर टाका!' हा मुख्यतः पहिल्या २४ तासांतला खेळ. ऑन्डान्सेट्रॉनसारखी औषधं हा निरोप वाटेतच अडवतात.

दुसऱ्या ते पाचव्या दिवसांत मात्र मोठा वाटा असतो 'सब्स्टन्स पी' या दुसऱ्याच रसायनाचा. ते थेट मेंदूत काम करतं. अ‍ॅप्रेपिटंट हे औषध त्याची जागा आधीच अडवून बसतं. म्हणजे पहिला दिवस चांगला गेला, एवढ्यावरून पुढचे दिवसही तसेच जातील असं धरता येत नाही. शिवाय एकदा खूप त्रास झाला की मेंदू तो लक्षात ठेवतो. मग पुढच्या वेळी नुसत्या हॉस्पिटलच्या वासानेही काहींना मळमळतं. म्हणून उलटी होण्याआधीच ती रोखायची असते.

या गोळ्यांमध्ये कधीकधी ओलान्झापिन असतं. नेटवर नाव शोधलं की 'मानसिक आजारावरचं औषध' असं दिसतं आणि घरचे घाबरतात. ते मूळचं त्यासाठीचंच आहे, पण मळमळीशी संबंधित अनेक रसायनांचे निरोप ते एकाच वेळी अडवतं. मोठी अडचण म्हणजे झोप फार येते.

यावर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात अभ्यास झाला. तो २०२४ मध्ये 'द लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त आला. नेहमीच्या १० मिलिग्रॅमऐवजी २.५ मिलिग्रॅम दिलं तर? उलटी-मळमळीवर पूर्ण ताबा कमी डोसमध्ये ४५ टक्के आणि जास्त डोसमध्ये ४४ टक्के रुग्णांना मिळाला, म्हणजे जवळपास सारखाच. गुंगी मात्र ९० टक्क्यांवरून ६५ टक्क्यांवर आली. हा अभ्यास एकाच रुग्णालयातला होता आणि त्यातले बहुतेक रुग्ण स्तनाच्या कॅन्सरचे होते. त्यामुळे घरी गोळी अर्धी करू नका. डोस डॉक्टरांनाच ठरवू द्या. पण 'दिवसभर झोपच येते' हे त्यांना नक्की सांगा, कारण त्यावर उपाय असू शकतो.

सांगताना 'त्रास झाला' एवढंच म्हणू नका. कोणत्या दिवशी, किती वेळा, पाणी टिकलं का, गोळी कधी घेतली, हे वहीत लिहून न्या. पाणीही पोटात राहत नसेल किंवा लघवी कमी झाली असेल, तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच हॉस्पिटलला फोन करा. 'केमो म्हटलं की एवढं सोसायचंच' असं म्हणून गप्प राहिलात, तर पुढच्या वेळी औषध बदलायचं की नाही, हे डॉक्टरांना कळणार कसं?